एका दिवसात एकोणीस

१

एका दिवसात मुलगी पाच वर्षांनी मोठी झाली, आणि तसं लिहिलेला, सहीशिक्क्याचा अहवाल माझ्या टेबलावर येऊन पडला.

एक्स-रे काढायच्या आदल्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर बसून नाक ओढत होती, तेव्हा चौदाची होती. तिनेच सांगितलं होतं. आणि आता हाडांचे डॉक्टर म्हणत होते, अठरा पूर्ण, एकोणीसच्या आसपास. मी अहवाल उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी. कपाळ माझं!

माझं काम लग्नं मोडण्याचं. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि कुणी लावायला निघालं तर ते थांबवायला सरकारने मला नेमलंय. माघारी लोक मला ‘लग्नमोडी’ म्हणतात. धीट असतील ते तोंडावर म्हणतात. एका नवरदेवाच्या काकाने तर माझ्या अंगावर चपला फेकल्या होत्या. दोन्ही फेकल्या, मग अनवाणी घरी गेला बिचारा.

या प्रकरणाची सुरुवात एका फोनने झाली. बाईचा आवाज होता. नाव सांगितलं नाही. पत्ता सांगितला आणि म्हणाली, “चौदाची आहे हो, उद्या लग्न आहे, लवकर या.” मी पोलीस घेऊन गेले. भाड्याच्या खुर्च्या लागल्या होत्या, नवरा तिशी ओलांडलेला. मुलीला आई नाही. बाप छाती पुढे काढून म्हणाला, “माझी पोर एकोणीसची आहे.” पुरावा मागितला तर म्हणे घरीच जन्मली, आणि शाळेचं तोंडच पाहिलं नाही तिने. म्हणजे वयाचा एकही कागद नाही.

कोर्टाने मुलीला आधारगृहात ठेवलं आणि हाडांचा एक्स-रे काढायला सांगितला. लहानपणी हाडांची टोकं सुटी असतात, वाढ पुरी झाली की ती जुळतात. त्यावरून डॉक्टर वय सांगतात. कागद नसलेल्या मुलींसाठी आमच्याकडे एवढाच उपाय आहे. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. हा अहवाल टिकला असता तर मुलगी बापाच्या ताब्यात, आणि संध्याकाळच्या आत नवऱ्याच्या घरात. मग मी कितीही ऊर बडवला तरी काही उपयोग नव्हता.

मी तडक डॉक्टरांकडे गेले.

“बाई, हाडं खोटं बोलत नाहीत,” ते म्हणाले.

“हाडं नाही बोलत हो डॉक्टर, माणसं बोलतात. मला फोटो दाखवा.”

त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली. टोकं जुळलेली होती, ते मलाही दिसलं. पण कोपर आणि मनगटाच्या मधे हाड थोडं वाकून गेलेलं होतं.

“हे काय?”

“जुनं मोडलेलं. नीट बसवलं नसावं कुणी, तसंच जुळलंय. वयाशी त्याचा संबंध नाही, म्हणून लिहिलं नाही.”

मी आधारगृहात गेले. मुलगी, म्हणजे घरात जिला सगळे धाकटी म्हणत ती, खिडकीपाशी बसली होती. मी तिचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत चाचपला. मग डावा घेतला. दोन्ही सरळ, काटकुळे.

“लहानपणी कधी पडली होतीस? हात मोडला होता?”

“नाही,” ती म्हणाली.

म्हणजे फोटो हिचा नव्हता. आणि मग ज्या बाईचा होता, ती मशीनपर्यंत पोचली कशी?

२

“तुझा फोटो काढला ना काल?” मी धाकटीला विचारलं.

“काढला, मॅडम.”

मॅडम! पहिल्या दिवशी मला मावशी म्हणाली होती.

“कसा काढला? सांग बघू मला.”

“भिंतीला टेकून उभं केलं. श्वास रोखून धरायला सांगितलं. झालं.”

“आणि तुझं वय किती?”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. “एकोणीस असेल.”

“परवा चौदा म्हणाली होतीस.”

“चुकून म्हणाले.”

तिला कुणीतरी दम भरलाय, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर तिने मान बाजूला घेतली. मला वाईट वाटलं, पण रागवायचं कुणावर ते माहीत होतं. तिच्या बापावर, नवऱ्याकडच्यांवर, आणि ज्याने कुणी हा फोटो बदलला त्याच्यावर.

अधीक्षिका बाईंना विचारलं, तर त्या फणकारल्या. “इथे बाहेरची चिमणीसुद्धा येत नाही. तिची थोरली बहीण तेवढी येऊन गेली, फोटोच्या आदल्या दिवशी. तीसुद्धा तुमच्याच परवानगीने.”

ते खरं होतं. मीच परवानगी दिली होती. आईमाघारी त्या थोरलीनेच हिला वाढवलं होतं. मुलीला कुणाचा तरी आधार हवाच ना.

मग मी मुलीला रुग्णालयात घेऊन गेलेल्या पोलीसबाईंना गाठलं. उंच, धिप्पाड बाई, आवाज भरड.

“मॅडम, मी डोळ्यांत तेल घालून बसले होते,” त्या म्हणाल्या. “एक्स-रेच्या खोलीला बाहेरून एकच दार. त्या दारासमोर माझी खुर्ची. आत आधी बायकांची कपडे बदलायची खोली, तिथून पुढे मशीन. ही आत गेली, थोड्या वेळाने ही बाहेर आली.”

“हीच बाहेर आली? नक्की?”

“आता काय सांगू! माझ्यासमोर ओढणी बाजूला करून पाणी प्यायली की.”

“म्हणजे एरवी तोंड झाकलेलं होतं?”

“मग! तुमचाच नियम आहे ना. कोर्टाच्या मुलीला बाहेर नेताना तोंड झाकायचं, नाव उच्चारायचं नाही. कोर्टात नेली तेव्हाही तशीच नेली, रुग्णालयातही तशीच.”

“आत कपडे बदलायच्या खोलीत आणखी कोण होतं?”

“होत्या दोनचार बायका. आजारी बायका असणारच ना दवाखान्यात, मॅडम.”

पोलीसबाई खरं बोलत होत्या. खोटं बोलणारा माणूस कधी एवढा चिडत नाही. मग उरला एक्स-रेवाला. त्याच्याकडे नंतर जाऊ म्हटलं. आधी नवऱ्याच्या घरी जाऊन बघावं, हा डाव कुणाला शिजवता आला असता.

३

नवऱ्याचं घर म्हणजेच थोरलीचं सासर. धाकटीला तिच्याच दिरासाठी मागितली होती. एका घरात दोन बहिणी, म्हणजे बापाच्या डोक्याचा ताप एकदमच गेला.

दार उघडंच होतं. बाप तिथेच बसला होता आणि त्यांचा वकीलही. सासू दाराशी उभी राहिली, मला आत घ्यावं की नको ते ठरवत.

“या, या,” वकील म्हणाला. “आता बाईंचा हाडांवरसुद्धा विश्वास राहिला नाही वाटतं?”

“हाडांवर आहे, वकीलसाहेब. पण कुणाच्या हाडांवर, तेवढं विचारायला आले.”

तो हसला. पण बापाच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, भीती नाही. मी त्याला एकेक विचारत गेले. रुग्णालयात कुणाला ओळखतोस? एक्स-रेवाला कोण लागतो तुझा? तो आपला एकच पालुपद धरून बसला, “मी बाप आहे, मला नाही कळणार पोरीचं वय?” पालथ्या घड्यावर पाणी. काल दिवसभर कुठे होता विचारलं तर म्हणाला, वकिलाच्या कचेरीत, आणि नवरामुलगाही तिथेच. वकिलाने मान हलवली.

आतल्या खोलीत थोरली शिलाई यंत्रावर बसली होती. कारखान्यातून आणलेल्या शर्टांच्या कॉलरी शिवत होती, एकामागून एक. बाजूला तिची चार वर्षांची मुलगी खोकत बसली होती. थोरली उठली, चहा घेऊन आली. कप तिने वरून चिमटीत धरले होते, कडेला. मला वाटलं, कप गरम असतील.

मी पर्समधून खोकल्याच्या गोळ्या काढल्या. “धर, पोरीला दे.”

थोरलीने उजवा हात पुढे केला, पण पालथाच. मग तो मागे घेऊन डावा पुढे केला.

“डावरी आहे मेली,” सासू म्हणाली. “सगळं उलटंच हिचं.”

मी थोरलीला विचारलं, “धाकटीला भेटायला गेली होतीस ना? काय म्हणाली ती?”

“रडत होती.”

“तिला कुणी घाबरवलंय का?”

थोरलीने सासूकडे बघितलं. “मला काय माहीत,” ती म्हणाली, आणि परत यंत्रावर जाऊन बसली. कात्रीने धागा तोडला. उजव्या हाताने.

निघताना सासू दारापर्यंत आली. “लग्नमोडी बाई, उद्या संध्याकाळी जेवायलाच या आमच्याकडे,” ती गोड आवाजात म्हणाली. “मांडव पुन्हा घालतोय.”

४

एक्स-रेवाल्यावर मी सगळा राग काढला. आधीच सांगते, ते चुकलं. तेव्हा माझी अवस्था साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यासारखी होती.

तो चाळिशीचा, चष्मेवाला, सतत हात पुसणारा माणूस. त्याची खोली थंडगार, खिडकीला जाड काळं कापड. मी विचारलं, “फिल्म बदललीस की दुसऱ्याच बाईला उभं केलंस? कोणी सांगितलं तुला?”

त्याची पाचावर धारण बसली. “मॅडम, माझी बायको शपथ घ्यायला नको म्हणते, पण घेतो. जी मुलगी आत आली तिचाच फोटो काढला. फिल्म माझ्या हातातून थेट डॉक्टरांच्या हातात गेली.”

“चेहरा बघितलास?”

“कसा बघणार? कोर्टाच्या मुलीचा चेहरा बघायचा नाही, नाव विचारायचं नाही, फक्त नंबर टाकायचा. तुमच्याच खात्याचा नियम. भिंतीवर चिकटवलाय बघा. दवाखान्याचा झगा घालून, ओढणीने तोंड झाकून आली. बाहेर पोलीस बसलेत म्हटल्यावर त्यांनी खात्री केलीच असेल ना.”

आणि पोलीसबाईंना वाटलं, आत खात्री होईल. प्रत्येकाने आपापला नियम पाळला, चेहरा कुणीच बघितला नाही. मी भिंतीवरचा तो नियम वाचला. खाली माझीच सही होती. दोन वर्षांपूर्वी मुलींची बदनामी होऊ नये म्हणून मीच भांडून भांडून तो करून घेतला होता.

“उभं करून किती फोटो काढलेस?” मी थकून विचारलं.

“उभं कशाला करीन, मॅडम? छातीचा नाही, हाताचा होता. त्या स्टुलावर बसवलं, हात टेबलावर ठेवायला सांगितला.” त्याने स्वतःचा हात तळवा वर करून टेबलावर ठेवून दाखवला. “असा. तर तिला जमेना. हात पालथाच ठेवायची. मी म्हटलं, घाबरू नकोस, उताणा कर. नाहीच केला. मग तसाच काढला.”

मी त्याच स्टुलावर बसले.

धाकटी म्हणाली होती, भिंतीला टेकून उभं केलं. छातीचा फोटो काढतात तसं. कुणाचा तरी बघितला असेल, नाहीतर ऐकला असेल. म्हणजे ती मशीनसमोर गेलीच नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिली, आणि तिच्याऐवजी दुसरी बाई ओढणीत तोंड लपवून स्टुलावर बसली. बाहेर येताना पुन्हा धाकटी. पोलीसबाई खरं बोलल्या, एक्स-रेवाला खरं बोलला, डॉक्टर खरं बोलले. खोटं फक्त एकच जण बोलत होतं, आणि ते म्हणजे मी जिला वाचवायला निघाले होते तीच पोर. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तिच्या मर्जीशिवाय हे होऊच शकत नव्हतं. एक हाक मारली असती तरी पोलीसबाई दार तोडून आत आल्या असत्या. मग धाकटी कुणासाठी गप्प बसली असेल? बापासाठी नक्कीच नाही. ती बाई एकोणीसच्या आसपासची. तिचा हात कधीकाळी मोडून वाकडा जुळलाय. तळवा वर करता येत नाही तिला. कप वरून चिमटीत धरते. डावरी नाही, पण काही घ्यायचं झालं की डावा हात पुढे करते.

“मॅडम, पाणी देऊ?” एक्स-रेवाला म्हणाला.

“माफ कर मला,” मी म्हटलं आणि उठले. थोरलीला सासूच्या नजरेआड कुठे गाठायचं, तेवढंच आता ठरवायचं होतं.

५

शिवलेल्या कॉलरींचं गाठोडं थोरली रोज संध्याकाळी कारखान्यात पोचवायची. मी फाटकाबाहेर उभी राहिले. ती आली, गाठोडं काखेत, मुलगी बोटाला. मला बघितल्याबरोबर थबकली.

“हात दाखव,” मी म्हटलं.

तिने नाटक केलं नाही. गाठोडं खाली ठेवलं, उजवा हात पुढे केला. मी तळवा वर करायला गेले, तर अर्ध्यावर अडकला. वळेचना.

“कोणी मोडला?”

“लग्नाच्या पहिल्या वर्षी पळून बापाकडे गेले होते. बापाने परत आणून घातलं. मग सासरी नवऱ्याने मोडला.” ती हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होती. “घरीच बांधला. डॉक्टरकडे नेलं तर विचारतात ना, पोर केवढीशी आहे.”

“केवढी होतीस?”

“तेरा.”

तिची मुलगी माझ्या पर्सचा बंद ओढत होती. मी तिला गोळी दिली.

“फोनसुद्धा तूच केला होतास,” मी म्हटलं. हे मला फाटकापाशी उभं असतानाच सुचलं होतं. मांडव घालेपर्यंत त्या घरातलं सगळं कळणारी, आणि धाकटीसाठी जीव तुटणारी दुसरी होतीच कोण?

तिने मान डोलावली. “मग सासूला संशय आला. म्हणाली, धाकटी या घरात आली नाही तर तू चालती हो. पोरगी इथेच राहील. आणि ती बोलते तसं करते, मॅडम.” तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. “इकडे आड, तिकडे विहीर. मी काय करायचं होतं? सगळं मीच केलं. धाकटीचा काही दोष नाही. मीच तिला घाबरवलं, मीच सांगितलं काय करायचं ते.”

मी तिला कारखान्याच्या भिंतीशी बसवलं. “ऐक. ती फिल्म त्यांच्या बाजूने आहे असं त्यांना वाटतंय. पण ती तुझी आहे. तू आज एकोणीसची, पोरगी चार वर्षांची. म्हणजे तुझं लग्न बेकायदा होतं हे तुझ्याच हाडांनी सांगितलंय. कायदा अठरानंतरही दोन वर्षांची मुदत देतो. तुझं लग्न रद्द करून घेता येतं. पोरीचा ताबा मागता येतो. उद्या सकाळी पोरीला घेऊन कोर्टात ये. तू स्वतः येऊन खरं सांगितलंस तर न्यायाधीश समजून घेतील. मी दोघींना तिथूनच आधारगृहात नेते. धाकटी आहेच तिथे.”

तिने मुलीला मांडीवर ओढलं.

“माझ्या वेळेला कुठे होतात हो तुम्ही?”

“मला कुणी कळवलं नाही गं.”

“मी तेरा वर्षांची होते. कळवायचं कुणाला असतं, ते मला कुठे माहीत होतं?”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

ती उठली, गाठोडं उचललं. “येते सकाळी,” ती म्हणाली.

६

थोरली आली नाही.

तिच्याऐवजी सासू आली, मांडीवर नातीला घेऊन पहिल्या बाकावर बसली. “सून आजारी आहे,” तिने कुणी न विचारता सांगितलं. मागे बाप आणि नवरामुलगा. धाकटी माझ्या शेजारी, ओढणीत तोंड झाकून. सासूच्या मांडीवरची पोर तिला ओळखून हात हलवत होती. धाकटीने बघितलं नाही.

मी न्यायाधीशांकडे एवढंच मागितलं, की एक्स-रे पुन्हा काढा. म्हटलं, कुणाचं नाव न घेता भागलं तर बघू.

वकील उठला. “सरकारी डॉक्टरांचा अहवाल आवडला नाही की पुन्हा काढा? उद्या तिसरा काढाल. कारण काय?”

न्यायाधीशांनीही तेच विचारलं. मी फिल्मवरचं वाकडं हाड दाखवलं, मुलीचे सरळ हात दाखवले. खोलीत कुजबूज सुरू झाली.

“म्हणजे एक्स-रेवाल्याने फिल्म बदलली?” न्यायाधीश म्हणाले.

“बदललीच असणार!” वकिलाने झटकन पवित्रा बदलला. “माझे अशील भोळे आहेत. त्या माणसाला निलंबित करा.”

एक्स-रेवाला भिंतीला टेकून उभा होता. रुमालाने हात पुसत होता, पुसतच होता. मी गप्प बसले असते तर सगळं त्याच्यावर ढकललं जाऊन निभावलं असतं. दोन मुलांचा बाप, नियम पाळणारा माणूस. खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, जाऊ दे याची नोकरी.

“तुम्ही शपथेवर आहात,” न्यायाधीश मला म्हणाले. “ही फिल्म कुणाची आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?”

धाकटीने ओढणीतून माझा हात पकडला. एवढा घट्ट, की नखं रुतली.

“हो,” मी म्हटलं. आणि सांगितलं. कप, पालथा हात, स्टूल, कपडे बदलायची खोली, सगळं ओळीने सांगितलं. सासू उठून ओरडायला लागली, “चोराच्या उलट्या बोंबा! आम्हाला काय माहीत ती कुठे गेली होती!” बाप मूग गिळून बसला. वकील म्हणाला, आपल्याला धक्काच बसलाय.

मी हात जोडले. म्हटलं, त्या मुलीचंही लग्न बालविवाह आहे, तीच फिल्म त्याचा पुरावा आहे, तिला आरोपी करू नका.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “तिचा अर्ज आहे माझ्यासमोर?”

“नाही.”

“अर्ज आला की बघेन. आज माझ्यासमोर एवढंच आहे, की कुणीतरी कोर्टाला फसवलंय.”

दुपारी, दोन डॉक्टरांसमोर, ओढणी काढून, धाकटीचा फोटो पुन्हा काढला. वय चौदा. लग्नाला मनाई झाली, मुलगी अठराची होईपर्यंत आधारगृहात. सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. एकाने चहा मागवला. तो मी तसाच टेबलावर ठेवला.

आणि संध्याकाळी पोलीस थोरलीला घ्यायला गेले. मीही गेले. ती खरंच आजारी होती, म्हणजे उठता येत नव्हतं, आणि का ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरकार त्या घरात तिच्यासाठी पहिल्यांदाच आलं होतं, आणि आलं ते तिलाच न्यायला. मी जाताना लग्न रद्द करायचा अर्ज लिहून नेला होता, तिच्या नवऱ्याविरुद्ध तक्रारही. गाडीत मी पेन तिच्या हातात दिलं.

“सही केली तर ते पोरीला दूर कुठेतरी पाठवून देतील,” ती म्हणाली. “आज दाराशी तरी उभी होती.”

“आपण तिला परत आणू.”

“तुम्ही चांगल्या आहात, मॅडम,” ती म्हणाली आणि पेन मला परत दिलं.

७

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला भेटायला गेले. ती खिडकीपाशीच होती. मी सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग? शेवटी म्हटलं, “ताईने सगळं स्वतःवर घेतलंय. तुला तिने घाबरवलं, असं जबाबात सांगितलंय तिने. त्यामुळे तुला काही होणार नाही.”

“ताई खोटं बोलली,” धाकटी म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले.

“त्या दिवशी ती माझा निरोप घ्यायला आली होती. म्हणाली, ते मला हाकलणार आहेत, पोरगी काढून घेणार आहेत, पण तू येऊ नकोस, तू इथेच राहा. मीच म्हटलं, माझ्याऐवजी तू फोटो काढ. तोंड झाकलेलं असतं, कुणी बघत नाही. कोर्टात नेलं तेव्हा मी बघितलं होतं ना. ती नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही.”

खरंच की! तोंड झाकलेलं असतं, हे थोरलीला कुठून कळणार? त्या ओढणीखालून जग बघितलं होतं ते हिने. एवढी साधी गोष्ट, आणि मी मोठी शहाणी, ती माझ्या ध्यानातच आली नाही.

“तुला त्या घरात जायचं होतं?” मी विचारलं.

“नाही,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. “कुणाला जायचं असतं? पण मी गेले असते तर निदान तिघी एकत्र असतो.”

बाहेर व्हरांड्यात मुली कपडे वाळत घालत होत्या. कुणीतरी हसत होतं. मी उठले, कारण बसून करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“मॅडम,” धाकटी म्हणाली. “ताईची पोर चार वर्षांची आहे. तिला ते तेराव्या वर्षी देतील. तेव्हा तुम्ही याल ना?”

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. माझ्या जागी कुणाला नेमायचं की ते पदच रद्द करायचं, याचा विचार वर चालू आहे.

“कुणीतरी येईल,” मी म्हटलं.

“कोण?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिली.